बेलिफमामांचा शब्द

बेलिफमामांनी ज्यांना घराबाहेर काढलं, तीच माणसं त्यांना चतुर्थीला जेवायला बोलवायची. थट्टा नाही करत. कोर्टाचा हुकूम घेऊन दारात जायचं, सामान बाहेर काढायला लावायचं, कुलूप घालून किल्ली घरमालकाच्या हातात द्यायची, हे काम त्यांनी मालवणात आयुष्यभर केलं. अशा माणसाला लोकांनी खरं तर शिव्या घालायला हव्यात. आणि यांना एकेका दिवशी तीन-तीन घरची आमंत्रणं! कुणालाही नाही म्हणायचे नाहीत. गणपतीच्या दिवसांत मामा पोटावर हात ठेवूनच फिरताना दिसायचे.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्या आईने त्यांना भाऊ मानलं होतं, एवढंच. बाजारात आमचं कौलारू घर, आणि कोर्टातून परतताना ते आमच्या ओटीवर टेकायचे. दार वाजवायची त्यांना सवयच नव्हती. खळ्यातूनच, म्हणजे अंगणातूनच हाक द्यायचे, "घरात कोण आसा काय?" आणि पायरीवर बसून पाणी मागायचे. समन्स बजावायला गेले तरी हेच. पाणी प्यायचं, घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची चौकशी करायची, मग पिशवीतून कागद काढायचा. एकदा आईने विचारलं की भाऊ, ज्यांच्यावर असला कागद बजावायचा त्यांचं पाणी तुमच्या घशाखाली उतरतं कसं? तर म्हणाले, "पाणी न पिता कागद दिलो तर तो दुष्मनाचो. पिऊन दिलो तर कोर्टाचो." आई हसली. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही.

ताबा घ्यायच्या दिवशीही त्यांचे काही नियम होते, कुठल्याही कायद्यात न लिहिलेले. पहिल्यांदा देव बाहेर आणायचे, आणि ते घरच्या माणसानेच. हमालाने हात लावायचा नाही. तेवढा वेळ मामा घराकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे राहायचे. एका घरात तर पडवीत कोंबडी अंड्यांवर बसलेली निघाली. मामांनी मालकाला बाजूला घेऊन काय सांगितलं कोण जाणे, पण मालकानेच आणखी मुदत द्यायची तयारी दाखवली. पिल्लं निघाल्यावर घर रिकामं झालं. त्यातली दोन पिल्लं पुढे मालकाच्या खळ्यात फिरताना दिसत होती म्हणतात.

निवृत्त झाल्यावर घरी बसतील तर ते मामा कसले. कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या बाहेरच्या बाकड्यावर ते सकाळी येऊन बसायला लागले. घर सोडण्याची नोटीस हातात पडली की माणूस आधी तिथे जायचा. भाडेकरू जायचे तसे मालकही जायचे. मामा वकिली करत नव्हते आणि तसा आवही आणत नव्हते. "मी वकील न्हय. वकिलाकडे जाण्याआधी जो घाम येता, तो पुसणारो माणूस," असं स्वतःच सांगायचे. नोटीस पुढे केली की पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी वाच, मगे घाबर." मग एकेक पायरी समजावायचे. नोटीस म्हणजे हुकूम नव्हे. नोटिशीनंतर दावा, दाव्यानंतर समन्स, समन्सवर हजर राहायचं, आपलं म्हणणं लेखी द्यायचं. हुकूम होईपर्यंत तुला कोणी उठवू शकत नाही, नळ नि वीज तोडू शकत नाही, पण तारीख चुकवलीस तर मग माझ्याकडे येऊ नकोस. वकील लावायची ऐपत नसलेल्याला कोर्टातल्या मोफत कायदेशीर मदतीच्या कचेरीत पिटाळायचे, आणि गेला होता की नाही ते दुसऱ्या दिवशी दरडावून विचारायचे.

मालकांना वाटायचं हा माणूस भाडेकरूंचा. तसं काही नव्हतं. मालकाचं घर मालकाचंच, ते परत मागण्यात पाप नाही, पण मागायची रीत असते, असं त्यांचं म्हणणं. भाडेकरू हलत नाही म्हणून एका मालकाने ऐन पावसात त्याच्या डोक्यावरची कौलं उतरवली. आमच्याकडची ही जुनी युक्ती. छप्पर दुरुस्तीला काढलंय म्हणायचं आणि माणसाला भिजवून घालवायचं. मामा त्या मालकाकडे गेले, पाणी प्यायले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की संध्याकाळच्या आत कौलं चढली नाहीत तर तुझ्या भाडेकरूचा अर्ज मी लिहीन. कौलं चढली. पुढे तोच मालक रीतसर दावा कसा लावायचा ते विचारायला बाकड्यावर आला, आणि मामांनी त्यालाही तितक्याच आपुलकीने सांगितलं.

त्यांच्या बाकड्याचा एक नियम मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवावा असा होता. कुणी बोलायला लागलं की आधी बजावायचे, "हय आयकलेला थंय सांगतलंय हां." म्हणजे मालकाने सांगितलेलं भाडेकरूच्या कानावर घालणार आणि भाडेकरूचं मालकाच्या. लपवाछपवी करायची असेल त्याने दुसरं बाकडं बघावं. त्यामुळे लोक तिथे तोलूनमापून बोलत. आणि कुणाच्या वतीने शब्द मात्र मामा देत नसत. ऐकलेलं पोचवीन, खरंखोटं तुमचं तुम्ही बघा.

इतकं सगळं मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी त्यांच्याकडे गेले, हे आता लिहायला हवं.

बाबा गेल्यावर बाजारातलं घर माझ्या नावावर आलं. मी कणकवलीला राहते, शाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. त्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आणि पडवी बाबांनी फार वर्षांपूर्वी शेवंताकाकींना भाड्याने दिली होती. काकी विधवा, एकट्या. खाजं करायच्या, बेसनाच्या तळलेल्या कांड्या गुळात आणि आल्यात घोळवून. जत्रांच्या दिवसांत टोपल्या भरून गावोगाव जायच्या आणि बाकी वर्षभर पडवीतच विकायच्या. माझी शाळेची सुट्टी त्या गुळाच्या वासात गेली आहे. लग्न होऊन गेले तेव्हा माझ्या ओटीत त्यांनी खाजं घातलं होतं.

आणि माझा मुलगा पुण्याहून म्हणायला लागला की आई, मालवणात पर्यटकांची झुंबड आहे, बाजारातलं कौलारू घर म्हणजे सोनं आहे, आपण तिथे राहण्याजेवण्याची सोय करू. मलाही पटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच पटलं. वकिलांना विचारलं. ते म्हणाले की बाई जुन्या भाडेकरू आहेत, भाडं वेळेवर भरतात. स्वतःच्या गरजेसाठी घर हवं असं म्हणाल तर गरज खरी लागेल, शाबित करावी लागेल, आणि वर्षं जातील. माझ्याकडे वर्षं नव्हती. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

मग मी बाकड्यावर जाऊन बसले. मामांनी चहा मागवला आणि सरळ विचारलं, "घर तुका कित्याक होया गो चेडवा?" मी पन्नाशी ओलांडली तरी त्यांची चेडूच, लहान पोरच होते. आणि मी म्हणाले, "गणपतीसाठी."

आमचा गणपती मिठबावच्या मूळ घरात, चुलतभावांकडे बसतो. बाबा शेवटच्या आजारात एकदा म्हणाले होते की मालवणच्या घरात आपला गणपती बसला असता तर बरं झालं असतं. एकदाच म्हणाले, आणि लगेच कुशीवर वळून झोपले. मी तेच वाक्य उचललं. बाबांची शेवटची इच्छा आहे म्हणाले. पुढच्या खोलीतच पूर्वेला तोंड करून बसवायचा आहे म्हणाले. मामांनी विचारलं की भावबंदांना विचारलंस का. आमच्याकडे मूळ घरचा गणपती वेगळा करणं म्हणजे काय हे मालवणी माणसाला सांगायला नको; घरं फुटतात त्यावरून. मी म्हणाले, हो, सगळे तयार आहेत. मी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं.

माझ्या मनात तेव्हा काय होतं ते नीट आठवतं. दुसरं कुठलंही कारण सांगितलं असतं तर मामांनी चार उलटे प्रश्न विचारले असते. गणपती म्हटल्यावर विचारणार नाहीत याची मला खात्री होती. झालंही तसंच. त्यांचे डोळे भरून आले. आईची आठवण काढून म्हणाले, "तुझ्या आवशीक बरा वाटला असता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकींना बोलावलं आणि आम्हां दोघींना त्याच बाकड्यावर शेजारी बसवलं. काकींना सगळं फोडून सांगितलं. तू जुनी भाडेकरू आहेस, लढलीस तर ही सहजासहजी तुला उठवू शकणार नाही. आधी वकील घे, मोफत मिळेल, मी अर्ज देतो. काकी म्हणाल्या की तुम्ही आसात मां, वकील कशाला? मग माझ्याकडे बघून त्या मामांना म्हणाल्या, "देवाक जागा होयी तर मी आडवी येवची नाय. पण ही खरा बोलता मां?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "खरा बोलता," मामा म्हणाले. "माझो शब्द."

तो शब्द ऐकून दुकानातला झेरॉक्सवाला यंत्र थांबवून बाहेर बघायला लागला होता. मामांनी शब्द दिलेला त्याने कधी ऐकला नव्हता.

पुढचं सगळं रीतसर झालं. दावा लागला, कोर्टात तडजोड झाली, आणि कागदात कारण लिहायचंच असा आग्रह मामांनी धरला: मालकिणीला स्वतःच्या घरच्या गणपतीसाठी व राहण्यासाठी जागा हवी. काकींना त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं की हिने वर्षाच्या आत जागा दुसऱ्या कुणाला दिली तर तू कोर्टात परत मागू शकतेस, पण मुदत लहान असते, ती चुकवू नको. काकी हसल्या. त्यांना ते सांगणं अगदीच जादा वाटलं असावं.

मे महिन्यात त्या गेल्या, चतुर्थीपर्यंत मला घर सारवायला-रंगवायला वेळ मिळावा म्हणून. गावाबाहेर आंब्याच्या बागेतला एक मांगर, राखणीसाठी बांधलेलं खोपटं, मिळाला होता. जाताना त्यांनी स्वतःची माटवी तशीच टांगून ठेवली. गणपतीच्या डोक्यावर आंब्याचे टाळ नि फळं बांधायची लाकडी चौकट असते ना, ती. जुनी, तेल पाजलेली. "तुझ्या गणपतीक होयी," म्हणाल्या. मी घेतली. किल्ली हातात आल्यावर मामांना मी एक पिशवी दिली. कुणाकडून पानसुपारीही न घेणारा माणूस. पण मी म्हणाले, आईची आठवण आहे, नाही म्हणू नका. आत आईची शाल होती. चारचौघांनी ती पिशवी बघितली, आत काय होतं ते कुणी बघितलं नाही.

चतुर्थीच्या सकाळी मी त्या घरात होते. मुलाने बाहेरगावचे कामगार आणले होते, कारण आमच्याकडचा एकही माणूस त्या दिवशी हत्यार हातात धरत नाही. फरशा उचकटलेल्या, भिंती फोडलेल्या. आणि खळ्यातून हाक आली, "घरात कोण आसा काय?"

मामा धुतलेल्या कपड्यांत, हातात दूर्वा आणि जास्वंदीचा पुडा. पहिलं दर्शन त्यांना घ्यायचं होतं. ते आत आले. पुढच्या खोलीत संडासाचं नवं भांडं खोक्यातून काढून ठेवलं होतं, बरोबर माटवीच्या खाली. मी मुद्दाम ठेवलं नव्हतं हो, कामगारांनी ठेवलं. पण ते तिथे होतं.

"गणपती खंय?" मामांनी विचारलं.

मी काहीतरी बरळले. भावबंद ऐनवेळी फिरले, पुढल्या वर्षी नक्की. मामांनी भिंतीवरच्या खुणा बघितल्या, आत चार न्हाणीघरांचे पाईप बघितले. बेलिफाची नजर ती, एका फेरीत घरातलं सगळं मोजणारी. फुलांचा पुडा ओटीवर ठेवला आणि पाणी न मागता निघून गेले.

आठवड्याने ते एसटीने कणकवलीला माझ्याकडे आले. सत्तरी उलटलेला माणूस, स्टँडपासून चालत. बसले नाहीत. काकींना सगळं सांगितलंय म्हणाले, आणि पाहुणे राहायला लागले की तिचा अर्ज मीच लिहिणार आहे, तुझ्याविरुद्ध. माझा तोल गेला. मी म्हणाले, "आईचे भाऊ म्हणवता ना स्वतःला?"

"म्हणानच सांगूक इलंय," ते म्हणाले. "नायतर नुसतो समन्स इलो असतो."

अर्ज झालाच नाही. मामा काकींच्या मांगरावर किती वेळा गेले त्याला गणती नाही. काकी सही करेनात. देवाचं नाव ऐकून उठले, आता कोर्टात जाऊन त्याच देवाचं नाव काढून परत कशी बसू, असं त्यांचं म्हणणं. दर वेळी मामा मला फोन करून सांगायचे की आजही सही केली नाही. नियम तो नियम. मुदत संपली त्या दिवशीही फोन केला. मी "बरं" म्हणाले आणि ठेवला. मला हायसं वाटलं होतं. ते हायसं वाटणं मला अजून खातं.

तोवर बाजारात मामांची छी-थू झाली होती. पाहुण्यांच्या गाड्या घरासमोर लागल्या, पाटी लागली, आणि लोकांनी अर्थ लावला: म्हातारा मालकिणीला विकला गेला. पिशवी घेतली, आम्ही बघितली ना! जन्मभर शब्द दिला नाही तो उगाच दिला काय? बाकड्यावरची माणसं कमी झाली. मग मामांनीच बसायचं सोडलं. कुणी घरी गेलं तर हात जोडून वकिलाकडे पाठवायचे. पिशवीत शाल होती हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. आधी मुदत होती, माझंच बोलणं कोर्टात माझ्यावर येईल म्हणून गप्प बसले. मग मुदत संपली, तर लाज वाटायला लागली. कारण सापडतंच, शोधलं की.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. बाराव्याला मी गेले. पूर्वी ज्यांच्या दारात ते पाणी प्यायले होते त्यांतली मोजकीच माणसं होती. शेवंताकाकी होत्या. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणाले की काकी, परत चला, पुढच्या दोन खोल्या तुमच्या. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "माका घर नको आता. माझी चूल थंय लागली. तू हय उभी रव आणि सांग, मामांक काय म्हायत नव्हता म्हणान. मी सांगलंय सगळ्यांक, पण माझा कोण आयकता? घर तुझा, खोटा तुझा. तू सांग."

पानं वाढायला घेतली होती. मामांची सून पाणी फिरवत होती. मी उभी राहिले, आणि पंगतीत जाऊन बसले. जेवले.

म्हणून आता हे लिहिलं. छापायला देण्याआधी मांगरावर जाऊन काकींना वाचून दाखवलं, तेवढा त्यांचा हक्क होता. त्या चुलीपाशी गूळ ढवळत ऐकत होत्या. त्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं की चतुर्थीच्या दिवशी मामा माझ्या घरातून गेले ते गप्पच राहिले, त्या दिवशी कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. तिथे काकींनी हात थांबवला.

"गप नाय रवले," त्या म्हणाल्या. "तसेच हय इले, चालत. माझ्या पायरेर बसले आणि ल्हान पोरासारखे रडले. माका कळला नाय गो शेवंता, माका कळला नाय, इतक्याच म्हणत रवले. मी पाणी दिलंय, ता पण घेवक नाय. ता लिव."

लिहिलं, काकी.